गोदामातला सेन्सर नेमके कोणाचे तापमान सांगतो?

तापमान आणि आर्द्रता चोवीस तास मोजून बिनतारी पाठवणारे सेन्सर गोदामांत आता सर्रास दिसतात. ते बसवून झाल्यावर ज्या अडचणी येतात, त्यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत आणि आर्द्रता म्हटले की सापेक्ष आर्द्रता समजावी, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प आहे तो आकडा.

प्रश्न : एकाच रॅकवर हातभर अंतराने दोन सेन्सर लावले आहेत. एक २६.१ अंश आणि ५४ टक्के दाखवतो, दुसरा २४.९ अंश आणि ५८ टक्के. खरा कोणता धरायचा?

उत्तर : आधी दोघांचा दवबिंदू काढा. हवा थंड होत गेली की ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. स्प्रेडशीटमध्ये हे दोन ओळींचे काम आहे. 'त' म्हणजे तापमान धरून पहिली ओळ : ग = नैसर्गिक लॉग (आर्द्रता ÷ १००) + १७.६२ × त ÷ (२४३.१२ + त). दुसरी ओळ : दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग).

तुमच्या दोन्ही सेन्सरांचा दवबिंदू १६.१ अंश येतो. म्हणजे हवेत बाष्प किती आहे, याबद्दल दोघांचे एकमत आहे आणि आर्द्रता मोजणारा भाग दोघांचाही ठीक आहे. फरक फक्त तापमानाचा आहे, आणि आर्द्रतेचा आकडा त्याच्यामागे फरफटत गेला आहे. २५ अंश आणि ६० टक्के असलेल्या हवेत सेन्सर स्वतः एकाच अंशाने जास्त गरम असला, तरी तो ५६.५ टक्के दाखवतो. हवेत तसूभरही बदल झालेला नसतो. सेन्सर स्वतःचे तापमान सांगतो. हवेचे आणि मालाचे तापमान त्यावरून आपण ताडतो. या सदरातल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ इथेच आहे.

आता गरम कोण आणि का, ते शोधा. दोघांच्या जागांची अदलाबदल करा आणि दोन तास थांबा. जास्तीचा आकडा सेन्सरबरोबर नव्या जागी गेला तर दोष यंत्रात आहे, जुन्या जागीच राहिला तर जागेत. यंत्रातला दोष बहुधा उष्णतेचा असतो : वाय-फायची चिप आणि सेन्सर एकाच बंद डबीत असतील, किंवा डबी कायम चार्जरला जोडलेली असेल, तर एक-दोन अंश सहज चढतात. अशा ठिकाणी वायरवरचा बाहेरचा प्रोब, म्हणजे मोजणारे सुटे टोक, घ्यावा. तो जमत नसेल तर डबी अशी टांगावी की सेन्सरची जाळी खाली आणि सर्किट वर राहील, कारण गरम हवा वर जाते. जागेतला दोष असेल तर खिडकीतून येणारी तिरीप, वरचा दिवा, किंवा उन्हाने तापलेल्या भिंतीला टेकलेला खांब तपासा. लोखंडी खांबाला सेन्सर थेट चिकटवला की तो खांबाचे तापमान मोजू लागतो. मध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवावा.

दवबिंदूच वेगवेगळे आले असते, तर मात्र आर्द्रता मोजणाऱ्या भागावर संशय घ्यावा लागला असता. त्याची चाचणी पुढे एका उत्तरात दिली आहे.

प्रश्न : गोदाम ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच आहे. सेन्सर किती लावावेत?

उत्तर : आकडा मोजमाप केल्यानंतर ठरतो, आधी नाही. पहिल्यांदा तात्पुरते लॉगर, म्हणजे नोंदी स्वतःतच साठवणारी छोटी यंत्रे, भरपूर लावून गोदामाचा नकाशा काढायचा, म्हणजे उष्ण, थंड आणि दमट जागा कोणत्या ते पाहायचे. कायमचे सेन्सर त्यानंतर, मोजक्या जागी.

औषधांच्या साठवणुकीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची पद्धत सांगितली आहे आणि ती इतर मालालाही चालते. जमिनीवर ५ ते १० मीटरच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत एकावर एक असे लॉगर लावायचे. छत ३.६ मीटरपर्यंत असेल तर खाली, मध्ये आणि वर असे तीन. त्याहून उंच असेल तर मधले थर वाढतात. ६ मीटर उंचीला ०.३, १.८, ३.६ आणि ५.४ मीटर असे चार थर दिलेले आहेत. तुमच्या गोदामात लांबीकडून ४ आणि रुंदीकडून ३ अशा १२ चौकटी पडतील. थर ०.३, ३, ५.५ आणि ८ मीटरवर घेतले तर ४८ लॉगर लागतील. त्याशिवाय एक बाहेर सावलीत, प्रत्येक शटरपाशी एक आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर एक. नोंद १५ मिनिटांहून विरळ नको. कालावधी निदान सलग ७ दिवस, म्हणजे कामाचे आणि सुट्टीचे असे दोन्ही प्रकारचे दिवस त्यात येतात. वर्षातल्या सगळ्यात उष्ण आणि सगळ्यात थंड, अशा दोन्ही काळांत हे करायचे. पावसाळा दमट असेल तर आर्द्रतेसाठी तिसऱ्यांदा.

मोजमाप करताना गोदामात नेहमीइतका माल असू द्या. रिकाम्या गोदामात हवा मोकळी फिरते आणि सगळे आकडे जवळजवळ सारखे येतात. माल भरला की झोत अडतो आणि रॅकच्या मागे कोंडी होते.

एवढे लॉगर हाताशी नसतील तर गोदामाचे दोन भाग करून पाठोपाठचे दोन आठवडे मोजता येते. पण पहिल्या आठवड्यातले दोन-तीन लॉगर जागचे हलवू नका. दोन आठवड्यांची हवा वेगळी असणार, आणि त्यांची तुलना या न हललेल्या लॉगरांच्या आधारेच करता येईल.

नकाशा हाती आला की सर्वांत उष्ण, सर्वांत थंड आणि सर्वांत दमट जागा, दारे आणि झोत मिळून साधारण ८ ते १० कायमचे सेन्सर पुरतात. पत्र्याच्या छताखालच्या उंच गोदामात सर्वांत उष्ण जागा बहुधा सर्वांत वरच्या पॅलेटवर सापडते, आणि कायमचा सेन्सर मात्र नेहमी दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असतो, कारण तिथे शिडी लागत नाही. शिडी लावा. रॅकची मांडणी बदलली किंवा थंड करणारे यंत्र बदलले, की नकाशा पुन्हा काढायचा.

प्रश्न : आर्द्रता कधीच ८० टक्क्यांवर गेली नाही, नोंदी तसे सांगतात. तरीही सकाळी खालच्या रांगेतले खोके तळाला ओले सापडतात. सेन्सर बिघडला आहे का?

उत्तर : सेन्सर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. तो दीड-दोन मीटरवरच्या हवेची आर्द्रता सांगतो आणि पाणी जमिनीवर सुटते आहे.

काँक्रीटची लादी रात्रभर थंड होते आणि सकाळी हवेइतक्या वेगाने तापत नाही. हवा २६ अंश आणि ७० टक्के असेल तर तिचा दवबिंदू २० अंशांच्या थोडा वर असतो. लादी १९ अंशांवर असली की तिला टेकलेल्या हवेतले बाष्प तिथेच पाणी होऊन बसते. वरचा सेन्सर खुशाल ७० दाखवत राहील. ओला खोका उलटा करून तळ पाहा. कडेने ओल आणि मध्ये, जिथे पुठ्ठा लादीला घट्ट टेकला होता तिथे, कोरडा पट्टा असेल तर पाणी हवेतून आले आहे. मधोमध जास्त ओल असेल तर लादीतून वर चढणारे पाणी किंवा गळती शोधावी लागेल.

उपाय म्हणून एक पृष्ठभागाचा प्रोब घ्या, थर्मिस्टर किंवा पीटी१०० (तापमान मोजणाऱ्या टोकांचे हे दोन प्रकार). तो लादीला थर्मल पेस्ट लावून चिकटवा आणि वरून तळहाताएवढा फोमचा तुकडा दाबून बसवा. फोम नसेल तर प्रोब अर्धा हवेचे तापमान मोजतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जागा निवडताना शटरच्या जवळची, फोर्कलिफ्टच्या वाटेबाहेरची निवडावी. मग सॉफ्टवेअरमध्ये एक नवी राशी तयार करा : लादीचे तापमान वजा हवेचा दवबिंदू. हा फरक ३ अंशांखाली आला की सूचना, १ अंशाखाली आला की इशारा. बहुतेक सॉफ्टवेअरांत दोन सेन्सरांवरून काढलेली राशी दाखवायची सोय असते, पण ती कोणी चालू करत नाही.

आता मुख्य गोष्ट, दारे आणि पंखे. कोंदट वाटले की शटर उघडायचे ही सवय अनेकदा ओल आत आणते. समजा आत २४ अंश आणि ६५ टक्के आहे, म्हणजे दवबिंदू १७. दुपारी बाहेर ३२ अंश आणि ५५ टक्के. ५५ हा आकडा ६५ पेक्षा कोरडा दिसतो, पण बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू २१.८ आहे. ती आत येऊन २४ अंशांवर आली की ८८ टक्के होते. याउलट पहाटे बाहेर १४ अंश आणि ९० टक्के असते. ९० टक्के ऐकून कोणी दार उघडणार नाही, पण तिचा दवबिंदू १२.४ आहे आणि आत येऊन २४ अंशांपर्यंत तापली की ती ४८ टक्क्यांवर येते. गोदाम कोरडे करायची वेळ पहाटेची होती, आपण दुपारची निवडली. फक्त पहाटेची ही हवा लादी थंडही करते, म्हणून पंखे बंद झाल्यावर दिवसा शटर उघडे टाकू नये.

म्हणून बाहेर सावलीत, पावसापासून आडोशाला एक सेन्सर हवाच, आणि पंखे टक्केवारीवर न चालवता दवबिंदूवर चालवावेत. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा २ अंशांनी कमी असेल तेव्हा पंखे चालू, फरक १ अंशावर आला की बंद. मधला १ अंश ठेवला नाही तर पंख्याचा कॉन्टॅक्टर (चालू-बंद करणारा विजेचा स्विच) दिवसभर खटखटत राहतो आणि लवकर जळतो.

शीतखोलीतून काढलेल्या मालाला हाच नियम लागू आहे. ५ अंशांवरचे पॅलेट ३० अंश आणि ७० टक्के हवेत आणले, तर त्या हवेचा दवबिंदू जवळजवळ २४ अंश आहे. प्रत्येक खोक्याला घाम फुटणार. स्ट्रेच-फिल्म तशीच राहू द्यावी आणि माल दवबिंदूच्या वर तापल्यावरच फाडावी. पाणी फिल्मच्या बाहेरच्या बाजूला सुटते आणि पुठ्ठा वाचतो.

प्रश्न : शटर उघडले की इशारा वाजतो. रात्रपाळीचे लोक आता तो ऐकूनही ऐकत नाहीत. मर्यादा वाढवून ठेवावी का?

उत्तर : मर्यादा माल ठरवतो, ती हलवू नका. हलवायचा आहे तो विलंब, म्हणजे मर्यादा किती वेळ ओलांडलेली राहिली तर इशारा वाजावा. 'लांडगा आला रे आला' असे रोज ओरडणारी यंत्रणा आणि बंद यंत्रणा यांत खऱ्या प्रसंगी काही फरक उरत नाही.

दारातून आलेला गरम झोत हवेतल्या सेन्सरला मिनिटाभरात कळतो, पण खोक्यातल्या मालाला कळायला तास लागतात. वरची मर्यादा २५ अंश असेल तर २४ अंश २० मिनिटे टिकले की सूचना आणि २५ अंश ३० मिनिटे टिकले की इशारा, अशी सुरुवात करून पाहा. इशारा २४.५ च्या खाली आल्याशिवाय मिटू नये, नाहीतर २४.९ आणि २५.१ यांच्यामध्ये तो रात्रभर वाजत-मिटत राहतो. आर्द्रतेला विलंब आणखी जास्त चालतो, एक-दोन तास, कारण पुठ्ठा ओल सावकाश पितो.

एका ठिकाणी मात्र विलंब फार कमी ठेवावा. २ ते ८ अंशांच्या शीतखोलीत खालची मर्यादा वरचीपेक्षा जास्त धोक्याची असते. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसी एकदा गोठल्या की वितळल्यानंतरही निकामीच राहतात. वरच्या बाजूला १५ मिनिटे थांबलात तर चालेल, खालच्या बाजूला ५ मिनिटांहून जास्त थांबू नका.

मालाचे तापमान हवे असेल तर प्रोब १० ते २० मिलिलिटरच्या कुपीत, ग्लायकॉलमध्ये किंवा बारीक काचमण्यांत बुडवून ठेवतात. त्यामुळे प्रोबची चाल बाटलीतल्या औषधासारखी मंद होते. कुपीचा आकार साठवलेल्या सर्वांत लहान पुडक्याएवढा ठेवावा. लिटरभराच्या बरणीत बुडवलेला प्रोब खोटा दिलासा देतो. आर्द्रतेचा सेन्सर अर्थातच उघड्या हवेतच राहतो. आमचे मत असे की शीतखोलीत दोन्ही लावावेत : उघडा प्रोब यंत्राची तब्येत सांगतो, बुडवलेला मालाची.

शटरवर चुंबकी संपर्क-सेन्सर लावला तर आलेखावर दार कधी उघडले ते दिसते आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. इशारा पहिल्यांदा पाळीवरच्या माणसाला जावा, त्याने १५ मिनिटांत स्वीकारला नाही तर त्याच्या वरच्याला, आणि तोही मेसेजने नव्हे तर फोनच्या घंटीने. स्वीकारताना काय केले ते एका ओळीत लिहिल्याशिवाय पान बंद होऊ नये. महिन्यातून एकदा, कुणाला न सांगता, एक प्रोब मुठीत धरून मर्यादेबाहेर न्या, विलंबाइतका वेळ धरून ठेवा आणि कोणाचा फोन किती मिनिटांत वाजतो ते पाहा. गेटवेमधले, म्हणजे सेन्सरांचे संदेश घेऊन इंटरनेटवर पाठवणाऱ्या पेटीतले, सिम कार्ड बंद पडल्याचे या चाचणीत कळलेले बरे.

प्रश्न : १५ लोरा सेन्सर (लोरा ही कमी विजेत दूरवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) एकाच दिवशी बसवले, दर ५ मिनिटांनी नोंद पाठवतात. ११ व्यवस्थित आहेत, शेवटच्या रांगेतल्या ४ सेन्सरांच्या बॅटऱ्या वर्षभरात संपल्या. सेल बनावट आहेत का?

उत्तर : सेलला दोष देण्याआधी गेटवेवर त्या चौघांचा स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संदेश किती लांबवून पाठवला जातो तो आकडा, पाहा. लोरात सिग्नल क्षीण झाला की सेन्सर तोच संदेश जास्त लांबवून, सावकाश बोलतो. २३ बाइटचा छोटा संदेश फॅक्टर ७ वर ०.०६ सेकंदात जातो. फॅक्टर १२ वर त्यालाच १.४८ सेकंद लागतात, म्हणजे २४ पट.

हिशेब मांडू. दर ५ मिनिटांनी एक म्हणजे वर्षाला १,०५,१२० संदेश. पाठवताना ४० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर फॅक्टर ७ वर वर्षाला ७२ मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि फॅक्टर १२ वर १,७२९. झोपेतला ५ मायक्रोअँपिअरचा खर्च दोघांना सारखाच, वर्षाला ४४. पेन्सिल-सेलच्या आकाराच्या २,४०० मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमधून ८० टक्के, म्हणजे १,९२० उपयोगी पडले, तर फॅक्टर १२ वरचा सेन्सर १३ महिन्यांत झोपतो. यात संदेश पाठवल्यानंतर उत्तर ऐकण्याचा खर्च धरलेलाच नाही. 'पोच हवी' हा पर्याय चालू असेल तर न पोचलेला संदेश पुन्हापुन्हा जातो आणि हिशेब आणखी बिघडतो.

तेव्हा गेटवे गोदामाच्या मध्यावर, रॅकच्या माथ्याहून उंच लावा. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर नको. सेन्सरचा अँटेना उभा आणि लोखंडापासून निदान वीतभर दूर असावा. दर ५ मिनिटांनी मोजा, पण तीन नोंदी एकत्र करून १५ मिनिटांनी पाठवा. संदेश थोडा लांबतो, पण खर्च निम्म्याहून खूप खाली येतो. पोच बंद करा, वेग आपोआप ठरवण्याची सोय चालू ठेवा. आणि ताकद तपासायची ती गोदाम भरलेले असताना. द्रवाचे पिंप किंवा पाणी असलेला माल समोर आला की रेडिओ लहरी शोषल्या जातात. वाय-फाय आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झला हे जास्त भोवते, पण लोराही सुटत नाही. एवढे करूनही शेवटची रांग १२ वरच राहिली तर दुसरा गेटवे लावा. दरवर्षी चार सेल बदलायला शिडीवर चढण्यापेक्षा ते सोपे.

या सेलबद्दल आणखी दोन गोष्टी. त्यांचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते आणि मग एकदम कोसळते, म्हणून पडद्यावरच्या टक्केवारीवर विसंबू नका. पाठवलेल्या संदेशांच्या संख्येवरून अंदाज बांधा. आणि बराच काळ पडून राहिलेल्या सेलच्या आत एक पातळ थर धरतो, त्यामुळे पहिल्या जोरकस झटक्याला व्होल्टेज खाली बसते व नवा सेन्सर सुरूच होत नाही. समांतर कपॅसिटर असलेले सेन्सर या बाबतीत त्रास देत नाहीत. शून्याखालच्या खोलीत अल्कलाइन सेल किंवा बटण-सेल वापरू नयेत.

प्रश्न : इंटरनेट तीन तास बंद होते. आलेखावर मात्र सरळ, सलग रेघ दिसते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सॉफ्टवेअरने दोन टोके जोडून टाकली आहेत. ही सोय आजच बंद करा. जिथे नोंद नाही तिथे आलेख तुटलेलाच दिसला पाहिजे. तुटलेली रेघ तपासनीसाला समजावून सांगता येते, कल्पित रेघ सापडली तर बाकीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो.

खरा उपाय सेन्सरच्या आत आहे. नोंद आधी स्वतःच्या स्मृतीत जावी, मग पाठवली जावी, आणि जोडणी परत आली की राहिलेल्या नोंदी मूळ वेळेसह याव्यात. दर १५ मिनिटांनी दिवसाला ९६ नोंदी होतात. ४,००० नोंदींची जागा असेल तर ४१ दिवस निघतात. खरेदी करताना गेटवे तासभर बंद करून ही गोष्ट समोर करून बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका. सेन्सरातले घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंदांनी जरी चुकले तरी महिन्यात जवळजवळ एक मिनिट होते, म्हणून गेटवेने ते अधूनमधून जुळवले पाहिजे. गेटवे आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. 'नोंद आली नाही' यासाठी वेगळा इशारा ठेवा, तीन नोंदी चुकल्या की वाजणारा.

प्रश्न : सरासरी २४ अंश आहे, मर्यादा २५. तरीही तपासनीस 'गतिज सरासरी तापमान' मागतात. त्याने काय वेगळे कळते?

उत्तर : उष्णतेने होणारे नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, वर जाताना झपाट्याने वाढते. साधी सरासरी हे झाकते, गतिज सरासरी उष्ण वेळेला जास्त वजन देते. माल निम्मा वेळ २० अंशांवर आणि निम्मा वेळ २८ अंशांवर राहिला तर साधी सरासरी २४ येते, पण औषधांसाठी वापरली जाणारी सक्रियण ऊर्जा (रासायनिक बदल घडायला लागणारी ऊर्जा), मोलमागे ८३.१४४ किलोज्यूल, धरून काढलेले गतिज सरासरी तापमान २४.८ येते. मर्यादेला अगदी भिडलेले. हा आकडा जरूर काढा, पण २८ अंश का झाले याचे उत्तर तो देत नाही. एखादी मोठी चूक लांबलचक काळाच्या सरासरीत बुडवायला तो वापरू नये.

प्रश्न : डीएचटी११ सेन्सर वापरून स्वतःच यंत्रणा बनवली तर?

उत्तर : शिकायला उत्तम, मालाच्या नोंदीसाठी नाही. त्याची अचूकता २ अंश आणि ५ टक्के आहे. २५ च्या मर्यादेवर तो २३ ते २७ काहीही दाखवू शकतो. एसएचटी३१ वर्गातला सेन्सर घ्या, ०.२ अंश आणि २ टक्क्यांच्या आसपास मिळतात.

प्रश्न : प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा होते. मधल्या काळात सेन्सर भरकटला आहे की नाही, हे गोदामातच कसे तपासावे?

उत्तर : आर्द्रतेसाठी मिठाची बरणी आणि तापमानासाठी बर्फ. दोन्हींना निसर्गानेच ठरवून दिलेला आकडा आहे.

साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या, संपृक्त द्रावणावरची बंदिस्त हवा २५ अंशांना ७५.३ टक्क्यांवर स्थिर होते. २० अंशांना ७५.५, ३० अंशांना ७५.१, म्हणजे खोलीचे तापमान नेमके किती याची फार चिंता नको. प्रयोगशाळेच्या प्रतीचे मीठ घ्या. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बोटभर थर पसरा आणि ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबाने घालून किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूसारखे करा. वर पाणी तरंगता कामा नये. मिठाचे खडे दिसत राहिले तरच द्रावण संपृक्त आहे. बिनतारी सेन्सर अख्खाच आत ठेवा, छोट्या जाळीवर, मिठाला स्पर्श न होऊ देता. रेडिओ लहरी काचेतून आरामात बाहेर येतात, म्हणून बरणी न उघडता आकडा वाचता येतो. झाकण लावून बरणी फोमच्या खोक्यात, उन्हापासून आणि झोतापासून दूर ठेवा आणि किमान १२ तास हात लावू नका. घाई इथेच नडते : सेन्सर मिठापेक्षा अर्ध्या अंशानेही गरम असला तर आकडा २ टक्क्यांनी खाली दिसतो.

७५ च्या आसपास, सेन्सरच्या घोषित अचूकतेत आकडा आला तर ठीक. दुसरा बिंदू हवा असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड घ्या, २५ अंशांना ३२.८ टक्के. एकाच बिंदूवर तपासून सॉफ्टवेअरमध्ये आकडा सरकवू नका. ७५ ला ४ टक्के जास्त दाखवणारा सेन्सर ३३ ला बरोबरही असू शकतो, आणि सरकवल्यावर तिथे तो चुकू लागेल.

बर्फाची चाचणी फक्त पाणी न शिरणाऱ्या प्रोबसाठी, आर्द्रतेचा सेन्सर चुकूनही बुडवू नका. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ चुरून थर्मासमध्ये गच्च भरा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झाले. तळाशी ४ अंशांचे पाणी साचते आणि प्रोब तेच मोजतो. प्रोब मध्यभागी, निदान १० सेंटिमीटर खोल. हळूहळू ढवळत १५ मिनिटे थांबा. आकडा ० अंशापासून जितका दूर, तेवढी चूक. आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो वर्षभरात कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे जास्त सांगून जाते.

प्रश्न : गोदामाला रंग दिल्यापासून तीन सेन्सर आर्द्रता ६ ते ८ टक्के जास्त दाखवतात. पुसून फरक पडला नाही.

उत्तर : पुसून पडणार नाही, आणि पुसायला स्पिरिट वापरले असेल तर भरच पडली असेल. आर्द्रता मोजणारा भाग म्हणजे बाष्प शोषणारा पॉलिमरचा पातळ पापुद्रा असतो. रंग, थिनर, गोंद, सिलिकॉन सीलंट यांच्या वाफाही तो शोषून घेतो आणि त्यांना पाणी समजतो. आधी सेन्सर काढून स्वच्छ, हवेशीर जागी आठवडाभर ठेवा आणि मिठाच्या बरणीत पुन्हा तपासा. बऱ्याचदा तो पूर्ववत होतो. झाला नाही तर काही उत्पादक सेन्सर १०० ते १०५ अंशांवर १० तास तापवायला आणि मग ७५ टक्के आर्द्रतेत १२ तास ठेवायला सांगतात. पण ही कृती सुट्या सेन्सरची आहे. प्लॅस्टिकची डबी आणि बॅटरी यांच्यासकट असे करायचे नाही. लिथियम सेल तापवणे धोक्याचे आहे. सेन्सर डबीतून सुटा होत नसेल तर तो बदलून टाकावा.

पुढच्या वेळी रंगकाम निघाले की सेन्सर आधीच उतरवून, नेहमीच्या पिशवीत नव्हे तर धातूच्या थराच्या बंद पिशवीत ठेवा. साध्या पॉलिथिनमधून या वाफा हळूहळू आत शिरतात. रंगाचा वास पूर्ण गेल्यावर, दारे दोन-तीन दिवस उघडी राहिल्यावरच ते परत लावा. मधल्या दिवसांसाठी एक जुना, नाहीतरी बदलायला आलेला लॉगर तिथे टांगून ठेवा, म्हणजे नोंद तुटणार नाही, आणि तो का व कधी लावला ते वहीत लिहा.